ठळक शीर्षकात अनुस्वार बुजतो, शिरोरेषा तुटते: ब्राउझरगणिक बदलणाऱ्या देवनागरी अक्षरांच्या तक्रारीचे निवारण

लातूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकाचे संकेतस्थळ मी गेली काही वर्षे सांभाळतो आहे, आणि या काळात सर्वांत जास्त वेळा जी तक्रार माझ्याकडे आली ती अक्षरांची आहे. कार्यालयातील विंडोज संगणकावर शीर्षक ठसठशीत दिसते. तेच शीर्षक उदगीरचे एखादे वाचक अँड्रॉइड फोनवर उघडतात तेव्हा ‘औंढा नागनाथ’ मधला अनुस्वार मात्रेत बुजलेला असतो, आणि पुण्याला नोकरीस असलेल्या कोणाच्या आयफोनवर ‘नळदुर्ग’ ची शिरोरेषा अक्षराअक्षरापाशी तुटलेली दिसते. त्या त्या वेळी ते ते पान दुरुस्त केले, तरी महिन्या-दोन महिन्यांत दुसऱ्या कुठल्या तरी पानावर, कधी मोंढ्यातील सोयाबीन-तुरीच्या भावांच्या तक्त्यात तर कधी वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिरातीत, तोच बिघाड पुन्हा उगवत असे.

पुन्हा पुन्हा उगवण्याचे कारण माझ्या पहिल्या प्रश्नातच होते. तक्रार आली की मी ‘कोणत्या ब्राउझरमध्ये?’ असे विचारत असे आणि त्या ब्राउझरपुरती काही मलमपट्टी करून मोकळा होत असे. विचारायला हवे होते ते वेगळेच: ही अक्षरे प्रत्यक्षात कोणत्या फॉन्ट-फाइलमधून आली, आणि आपण मागितलेली शैली, म्हणजे ठळक वा तिरपे रूप, त्या फाइलमध्ये होती का? नसलेली शैली मागितली की ब्राउझर ती स्वतः रचतो, आणि प्रत्येक ब्राउझरची रचण्याची रीत निराळी असते. माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बहुतेकांचे मूळ या एका गोष्टीत निघाले. उरलेल्यांची कारणे वेगवेगळी आहेत, तीही पुढे सांगतो.

प्रथम खरा फॉन्ट शोधणे

स्टाइलशीटमध्ये, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या फाइलमध्ये, ज्या फॉन्टचे नाव लिहिले आहे तोच फॉन्ट वापरला गेला असेल, असे गृहीत धरू नये. क्रोम किंवा एजमध्ये बिघडलेल्या शब्दावर उजवी कळ दाबून ‘इन्स्पेक्ट’ उघडावे, ‘कम्प्युटेड’ या भागात अगदी तळापर्यंत जावे; तिथे त्या घटकासाठी प्रत्यक्ष वापरलेल्या फॉन्टांची नावे आणि त्यांतून किती आकृत्या काढल्या त्यांची संख्या दिलेली असते. फायरफॉक्समध्ये याच कामासाठी ‘फॉन्ट्स’ नावाचा स्वतंत्र विभाग आहे आणि तो मला अधिक सोयीचा वाटतो, कारण नावावर माऊस नेताच पानावरील नेमकी कोणती अक्षरे त्या फॉन्टची आहेत ते उजळून दिसते. अँड्रॉइड फोन तारेने संगणकाला जोडून फोनमधील क्रोमचे पान संगणकावरच्या क्रोममधून असेच तपासता येते. आयफोनसाठी मात्र मॅक संगणक लागतो.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुष्कळ वेळ वाचतो. भारतात वापरल्या जाणाऱ्या आयफोनवर क्रोम असो वा फायरफॉक्स, आतले यंत्र, म्हणजे पान रचणारी आज्ञावली, ॲपलचे वेबकिटच असते. त्यामुळे ‘आयफोनवर क्रोममध्येही तसेच दिसते, म्हणजे दोष सफारीचा (ॲपलच्या ब्राउझरचा) नाही’ हा निष्कर्ष टिकत नाही. संगणकावर आणि अँड्रॉइडवर क्रोम, एज आणि फायरफॉक्स हे अक्षरांची जुळणी, म्हणजे काना-मात्रा, रफार आणि जोडाक्षरे जागेवर बसवण्याचे काम, हार्फबझ या एकाच मुक्त आज्ञावलीकडून करवून घेतात, तर सफारी ते ॲपलच्या कोअर टेक्स्टकडून करवून घेते. एकाच फॉन्टमधील एकच जोडाक्षर क्रोम व फायरफॉक्समध्ये वेगळे जुळलेले दिसले, तर जुळणीला दोष देण्याआधी तिथे दोन वेगळे फॉन्ट वापरले गेल्याची शंका घ्यावी. माझ्या अनुभवात ती शंका जवळजवळ दर वेळी खरी ठरली.

वेबफॉन्ट, म्हणजे पानाबरोबर सर्व्हरवरून येणारा फॉन्ट, पोहोचलाच नाही, तर विंडोजवर बहुधा निर्मला यूआय, अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी आणि ॲपलच्या यंत्रांवर कोहिनूर देवनागरी ही अक्षरे पुढे येतात. तिघांची जाडी, उंची आणि वळण वेगळे असल्याने वाचकाला हे ‘ब्राउझरनुसार बदलणे’ वाटते. वेबफॉन्ट न पोहोचण्याचे नेहमीचे कारण असे, की फाइल दुसऱ्या पत्त्यावर ठेवलेली असते आणि त्या सर्व्हरने परक्या पानाला फॉन्ट देण्याची परवानगी जाहीर केलेली नसते. ही परवानगी नसेल तर आजचे सर्व ब्राउझर फॉन्ट नाकारतात, पण वाचकाला त्याची काहीच सूचना मिळत नाही. ती फक्त ‘इन्स्पेक्ट’ मधील ‘कन्सोल’ या भागात उमटते. ज्या संगणकावर तो फॉन्ट आधीच बसवलेला आहे तिथे मात्र सगळे ठाकठीक दिसू शकते, आणि पान बनवणाऱ्याच्या संगणकावर तो हमखास बसवलेला असतो. म्हणून तपासणी नेहमी असा फॉन्ट नसलेल्या यंत्रावर करावी.

बनावट ठळकपणा

आता मूळ दुखण्याकडे येतो. फॉन्टची जाडी १०० ते ९०० अशा आकड्यांत सांगितली जाते. ४०० म्हणजे साधे, ७०० म्हणजे ठळक. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेल्या ‘मुक्ता’ या फॉन्टच्या २०० पासून ८०० पर्यंत सात जाड्या उपलब्ध आहेत, पण त्याला तिरपे रूप नाही. ‘टिरो देवनागरी मराठी’ ची गोष्ट नेमकी उलटी आहे: त्याच्या सरळ आणि तिरपी अशा दोन फाइली मिळतात, ठळक फाइल नाही. ‘मोदक’ किंवा ‘रोझा वन’ यांसारखे शीर्षकाचे फॉन्ट तर एकाच जाडीचे असतात आणि ती जाडी, दिसायला कितीही दणकट असली तरी, नोंदीत ४०० अशीच असते.

शीर्षकाच्या टॅगला, म्हणजे हा मजकूर शीर्षक आहे असे सांगणाऱ्या खुणेला, प्रत्येक ब्राउझर आपणहून ७०० ही जाडी लावतो. समजा शीर्षकाला ‘मोदक’ लावला आणि जाडीविषयी काहीच लिहिले नाही, तर ब्राउझरकडे मागणी जाते ७०० ची, हाती असते ४०० चे एकच रूप, आणि मग तो त्या आकृत्यांच्या कडा बाहेर फुगवून बनावट ठळकपणा तयार करतो. रोमन अक्षराला हे थोडेफार पचते, देवनागरीला पचत नाही. काही ब्राउझरांत शिरोरेषा वरखाली दोन्हीकडे फुगते, म्हणून तिच्यावरची मात्रा आणि अनुस्वार यांतली बारीक फट नाहीशी होते. ‘ढ’ आणि ‘ठ’ यांची पोटे भरतात. ‘क्ष’ ची गाठ म्हणजे काळा ठिपका होतो. किती फुगवायचे आणि फुगवल्यावर अक्षराने व्यापायची रुंदी वाढवायची की तीच ठेवायची, हे प्रत्येक यंत्र आपापले ठरवते. म्हणून तेच शीर्षक एका ठिकाणी दोन ओळींत मावते आणि दुसऱ्या ठिकाणी एक शब्द तिसऱ्या ओळीवर घसरतो.

याहून अधिक वेळा आढळलेली चूक आणखी सूक्ष्म आहे आणि तिने मला सर्वांत जास्त दिवस चकवले. फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवरून द्यायचा असेल तर स्टाइलशीटमध्ये ‘फॉन्ट-फेस’ चा नियम लिहावा लागतो. त्यात ठळक फाइलचा पत्ता दिला, पण ही फाइल ७०० जाडीची आहे हे लिहिलेच नाही, तर ब्राउझर तिला ४०० ची समजतो. मग शीर्षकात ७०० ची मागणी आली, की आधीच ठळक असलेली अक्षरे तो पुन्हा फुगवतो. हा दुहेरी ठळकपणा मोठ्या पडद्यावर, मोठ्या अक्षरात, ‘जरा जाड आहे’ इतकाच जाणवतो. फोनवरील लहान शीर्षकात ‘श्रद्धांजली’ किंवा ‘सिद्धेश्वर’ वाचता येत नाही. आमच्या साप्ताहिकाच्या पानांवर नेमके हेच होते. एका बाहेरच्या संस्थेकडून घेतलेल्या तयार साच्यात ठळक फाइलला स्वतंत्र नाव देऊन तिची जाडी मात्र कोरी सोडलेली होती, आणि मी वर्षभर अक्षराचा आकार कमी-जास्त करून त्या बिघाडाशी झुंजत होतो.

उपाय तीन टप्प्यांत करावा, आणि तिन्ही टप्पे आवश्यक आहेत. पहिल्याने, एका फॉन्टच्या सर्व फाइली एकाच कुटुंबनावाखाली नोंदवाव्यात आणि प्रत्येक नियमात ‘फॉन्ट-वेट’ व ‘फॉन्ट-स्टाइल’ स्पष्ट लिहावेत: साध्या फाइलला ४००, ठळक फाइलला ७००. एकाच फाइलमध्ये सर्व जाड्या सामावणारा व्हेरिएबल फॉन्ट असेल, तर एका आकड्याऐवजी कक्षा लिहावी, उदाहरणार्थ ‘४०० ८००’. कक्षा लिहिली नाही तर तिथेही बनावट ठळकपणाच वाट्याला येतो. दुसऱ्याने, एकाच जाडीचा फॉन्ट जिथे शीर्षकाला वापरला आहे तिथे शीर्षकाची जाडी आपल्या हाताने ४०० करावी. ठसठशीतपणा त्या फॉन्टच्या आकृतीतच आहे. तिसऱ्याने, पानाच्या मुळाशी ‘फॉन्ट-सिंथेसिस’ या गुणधर्माला ‘नन’ हे मूल्य द्यावे, म्हणजे ब्राउझर स्वतः काही रचणार नाही. फायरफॉक्स आणि सफारीत हा गुणधर्म बराच काळ होता, क्रोममध्ये तो २०२२ च्या आरंभी आला. त्यामुळे आता त्याच्यावर विसंबता येते.

मात्र तिसरा टप्पा पहिल्या दोघांच्या आधी करू नये. तसे केल्यास बनावट ठळक असलेला मजकूर एकाएकी साधा दिसू लागतो आणि तक्रारींचा ओघ उलट वाढतो. मी स्वतः मात्र हा गुणधर्म तपासणीचे साधन म्हणून आधी वापरतो: माझ्या संगणकापुरता तो चालू करतो, पानावर जे जे ठळकपण गळून पडते त्याची नोंद घेतो, आणि ती नोंद म्हणजेच बनावट अक्षरांची पूर्ण यादी असते. पहिल्याच दिवशी आमच्या संकेतस्थळावरील भावाच्या तक्त्याचा मथळा, लेखकांची नावे आणि तळटीप असे तिन्ही भाग त्यात सापडले.

तिरपी अक्षरे

देवनागरीच्या छपाईत तिरप्या अक्षराची परंपरा नाही. ठसवायचे ते आपण ठळक करतो किंवा अवतरणात घालतो. ब्राउझरला हे ठाऊक नसते. तो जोर दाखवणारा टॅग, ग्रंथनामाचा टॅग आणि पत्त्याचा टॅग या तिघांना आपणहून तिरपे करतो, आणि फॉन्टमध्ये तिरपे रूप नसेल तर सरळ आकृत्या कलंडवून ते बनवतो. कलंडवताना कोन किती घ्यायचा याचेही पूर्वीपासून एकमत नव्हते. अलीकडच्या मानकात तिरप्या रूपाचा मूळ कोन १४ अंश सांगितला आहे. कलंडलेल्या देवनागरीत सगळ्यात वाईट अवस्था रफार आणि दीर्घ वेलांटीची होते, कारण ती शिरोरेषेच्या वर असल्याने सर्वांत जास्त सरकतात: ‘धर्माबाद’ चा रफार पुढच्या अक्षरावर गेल्यासारखा वाटतो, आणि ओळीच्या शेवटी आलेल्या शब्दाची वेलांटी चौकटीबाहेर जाऊन कापली जाते. आमच्या कार्यालयाचा पत्ता कित्येक महिने असा कलंडलेला होता आणि तो पत्त्याच्या टॅगमुळे आहे हे मला उशिरा उमगले.

‘फॉन्ट-सिंथेसिस’ बंद केल्यावर हा प्रश्न आपोआप मिटतो, पण मग जोर दिलेला शब्द बाकी मजकुरात हरवतो. म्हणून मराठी मजकुरासाठी जोराच्या टॅगला सरळ रूप आणि ६०० किंवा ७०० ची खरी जाडी द्यावी. मुक्ता वापरत असाल तर ६०० ची फाइल पुरेशी ठरते.

शिरोरेषा तुटणे आणि तिच्यावर गाठी दिसणे

आयफोनवरील ‘नळदुर्ग’ ची तक्रार जाडीच्या दुरुस्तीने गेली नाही. तिचे कारण ‘लेटर-स्पेसिंग’ हा गुणधर्म होता. इंग्रजी शीर्षके मोकळी दिसावीत म्हणून तयार साच्यांत अक्षरांमधील अंतर किंचित वाढवलेले असते. देवनागरीत वाढवलेले अंतर सरळ शिरोरेषेत पडते. काही फॉन्टांत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा दोन्ही बाजूंना थोडी बाहेर काढलेली असते, त्यामुळे लहान अंतर झाकले जाते. दुसऱ्या फॉन्टात ते उघडे पडते. आमच्याकडे विंडोजवर पहिल्या प्रकारचा फॉन्ट लागत होता आणि आयफोनवर वेबफॉन्ट न पोहोचल्याने दुसऱ्या प्रकारचा, म्हणून दोष फक्त आयफोनवर दिसे.

जोडाक्षरांचा पेच याहून खोल आहे. अंतर कोठे टाकायचे हे ठरवण्यासाठी ब्राउझर मजकुराचे घटक पाडतो, आणि ‘लातूरच्या’ मधील ‘च्या’ हा एक घटक की दोन, याचे उत्तर कोणते नियम वापरले त्यावर अवलंबून असते. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, सर्वसाधारण नियमांत देवनागरीचे जोडाक्षर एकसंध धरण्याची तरतूद १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ साली आली. त्याआधीच्या नियमांवर चालणारी यंत्रे हलन्तानंतर घटक तोडू शकतात, आणि मग अर्धा ‘च’ व ‘या’ यांच्यामध्येच फट पडते. उपाय सोपा आहे: भाषा मराठी असलेल्या प्रत्येक घटकाला ‘लेटर-स्पेसिंग’ शून्य करावे. शीर्षक मोकळे हवेच असेल तर शब्दांमधील अंतर वाढवावे.

लेखाचे पहिले अक्षर मोठे करण्याच्या हौसेतही हाच पेच आहे. ‘फर्स्ट-लेटर’ ने ‘श्रीक्षेत्र’ चे पहिले अक्षर मोठे करायला जावे, तर एखाद्या ठिकाणी ‘श्री’ पूर्ण मोठे होते आणि एखाद्या ठिकाणी पाय मोडलेला ‘श्’ एकटाच मोठा होऊन ‘री’ मागे राहते. ते पहिले अक्षर स्वतंत्र टॅगमध्ये हाताने बांधावे, एवढाच खात्रीचा मार्ग मला सापडला आहे. शोधपेटीतून आलेला शब्द पिवळा करून दाखवणाऱ्या आज्ञावलीतही असे तुकडे पडतात: कोणी ‘लातूरच’ शोधले आणि पानावर ‘लातूरच्या’ असेल, तर ‘च’ पिवळ्या टॅगमध्ये आणि ‘्या’ बाहेर राहून तिथे ठिपक्यांचे वर्तुळ उमटू शकते. पिवळ्या पट्ट्याची सीमा पुढच्या पूर्ण अक्षरापर्यंत वाढवून घेणे हाच त्यावर इलाज आहे.

शिरोरेषेवर प्रत्येक जोडापाशी गडद ठिपके दिसत असतील तर मजकुराचा रंग तपासावा. पारदर्शकता रंगातच मिसळलेली असेल, तर प्रत्येक अक्षराची आकृती वेगळी रंगवली जाऊ शकते आणि शिरोरेषा जिथे एकमेकींवर येतात तिथे रंग दोनदा चढतो. तीच फिकट छटा अपारदर्शक रंगाने द्यावी, किंवा पारदर्शकता पूर्ण घटकाला ‘ओपॅसिटी’ ने द्यावी. मग आधी सगळा मजकूर एकत्र रंगवला जातो आणि नंतर फिकट केला जातो.

शुभेच्छांच्या जाहिरातींमध्ये अक्षराला बाहेरून रंगीत कड देण्याची मागणी हमखास असते. ती कड ‘टेक्स्ट-स्ट्रोक’ ने दिली तर प्रत्येक अक्षराभोवती स्वतंत्र कड येते आणि शब्दाच्या मध्ये, शिरोरेषेच्या प्रत्येक सांध्यावर, उभ्या रेघा दिसतात. व्हेरिएबल फॉन्टमध्ये तर अक्षराच्या आतले अवयवही एकमेकांवर ठेवलेले असतात, त्यामुळे काना आणि पोट यांच्या छेदावरही रेघ उमटते. ‘पेंट-ऑर्डर’ या गुणधर्माने आधी कड आणि मग भरणी असा क्रम सांगितला, की आतल्या रेघा भरणीखाली झाकल्या जातात. कडेचा आतला अर्धा भागही झाकला जात असल्याने जाडी दुप्पट धरावी लागते. क्रोममध्ये साध्या मजकुरासाठी हा गुणधर्म २०२४ मध्ये लागू झाला, तेव्हा जुन्या अँड्रॉइड फोनांचा विचार करून अशा जाहिरातीत कड पातळच ठेवावी.

‘शेतकऱ्यांच्या’ मधला ऱ्य

मराठवाड्यातल्या कोणत्याही वृत्तपत्रात हा शब्द दररोज येतो, म्हणून त्याच्यावर थोडे अधिक लिहितो. यातला आडवा ‘र’ दोन प्रकारे टंकित होतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे नुक्ता असलेले अक्षर, त्याला हलन्त आणि मग ‘य’. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त, न दिसणारा शून्यरुंदी जोडक आणि मग ‘य’. चांगल्या फॉन्टात दोन्ही सारखेच दिसतात. दुसऱ्या प्रकारातील जोडक कोठे गळाला, तर मात्र आडव्या ‘र’ चा रफार होतो आणि शब्द ‘शेतकर्यांच्या’ असा अशुद्ध दिसू लागतो.

जोडक गळण्याचे एक ठिकाण म्हणजे लेख साठवताना ‘अदृश्य चिन्हे’ पुसणारी आज्ञावली. तिथे दोष सर्व ब्राउझरांत सारखा दिसतो. दुसरे ठिकाण फॉन्टच्या नियमात आहे आणि तिथे दोष ब्राउझरगणिक बदलू शकतो. फाइल हलकी राहावी म्हणून फॉन्टचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला युनिकोड क्रमांकांची कक्षा नेमून देतात. देवनागरीची कक्षा ०९०० ते ०९७एफ एवढीच लिहून थांबले, तर जोडकाचा क्रमांक २००डी कक्षेबाहेर राहतो. ब्राउझर त्या चिन्हासाठी दुसऱ्या फॉन्टकडे वळण्याची शक्यता निर्माण होते आणि एका अक्षराची जुळणी दोन फॉन्टांत विभागली जाते. म्हणून त्या कक्षेत २००सी आणि २००डी हे दोन्ही, ठिपक्यांच्या वर्तुळाचा २५सीसी आणि रुपयाच्या चिन्हाचा २०बी९ हे क्रमांक आवर्जून घालावेत. हेच क्रमांक फॉन्टचा तुकडा पाडतानाही राखलेले असले पाहिजेत, नाहीतर कक्षा बरोबर आणि फाइल रिकामी अशी स्थिती होते.

नवा मजकूर ‘ऱ’ वापरूनच टंकित करावा, असा आम्ही कार्यालयापुरता नियम केला आहे. जुन्या लेखांत साध्या ‘र’ सह आलेला जोडक शोधून तिथे ‘ऱ’ बसवणे हे एका दुपारचे काम होते.

ल आणि श यांची रूपे

ही तक्रार वाचकांकडून कधी आली नाही. आमच्या मुद्रितशोधक बाईंनी ती लक्षात आणून दिली. ‘लातूर’ चा ‘ल’ पानाच्या शीर्षकात पाकळ्यांचा आणि मजकुरात दंडाचा, ‘शिरूर’ चा ‘श’ एका ठिकाणी देठाचा आणि दुसऱ्या ठिकाणी शेंडीफोड्या, हे त्यांना खपले नाही, आणि त्यांचे म्हणणे योग्यच होते. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालाविषयक निर्णयातही मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हीच रूपे सांगितली आहेत.

दोन्ही रूपांचा युनिकोड क्रमांक एकच असतो, त्यामुळे कोणते रूप दिसेल हे फॉन्ट ठरवतो. अनेक फॉन्टांत मूळ रूप हिंदीचे असते आणि मराठी रूप आत राखून ठेवलेले असते. मजकुराची भाषा मराठी आहे असे ब्राउझरने कळवले तरच ते बाहेर येते. नोटो सान्स देवनागरीत अशी सोय आहे. ब्राउझर हे कळवतो तो पानाच्या ‘लँग’ या गुणधर्मावरून. त्याचे मूल्य ‘एमआर’ असायला हवे. तयार साच्यात ते बहुधा इंग्रजीचे ‘ईएन’ असते आणि हिंदी संकेतस्थळावरून उचललेल्या साच्यात ‘एचआय’. पानाच्या अगदी वरच्या टॅगवर हे मूल्य बदलले की काम होते, परंतु मधल्या एखाद्या घटकावर जुने मूल्य शिल्लक असेल तर तेवढाच भाग हिंदी रूपात राहतो, आणि आमच्या मजकुराचे तसेच झाले होते. मूळ रूपच मराठी असलेला फॉन्ट निवडला तर या कळवण्यावर अवलंबून राहावे लागत नाही. टिरो देवनागरी मराठी त्यासाठीच केलेला आहे.

थोडक्यात आटोपण्याजोग्या गोष्टी

बटणात किंवा यादीत मात्रेचा वरचा भाग वा उकाराचा खालचा भाग कापला जात असेल, तर ओळीची उंची दीडपटीहून कमी ठेवू नये आणि त्या चौकटीला ठरावीक उंची देऊ नये. फॉन्टमध्ये वरखालच्या मापांचे एकाहून अधिक तक्ते असतात, विंडोज आणि मॅक वेगवेगळे तक्ते वाचू शकतात, म्हणून एकीकडे मावलेले अक्षर दुसरीकडे कापले जाते.

मॅकवर मजकूर किंचित जाड आणि विंडोजवर किंचित बारीक दिसतो, तो फरक अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याच्या पद्धतीतला आहे. ‘फॉन्ट-स्मूदिंग’ चा गुणधर्म फक्त मॅकवर परिणाम करतो. विंडोजवर त्याने काहीही होत नाही. या फरकामागे वेळ घालवू नये. ऑपेरा मिनी या ब्राउझरच्या सर्वाधिक डेटा वाचवणाऱ्या पद्धतीत पान त्यांच्या सर्व्हरवर रचून पाठवले जाते आणि वेबफॉन्ट वापरला जात नाही. तिथे फोनमधील फॉन्टच दिसणार, म्हणून पानाची मांडणी एका विशिष्ट फॉन्टच्या रुंदीवर बेतू नये.

चाचणीचे पान

या सगळ्या दुरुस्त्या टिकून आहेत का हे पाहण्यासाठी मी एक साधे पान करून ठेवले आहे. त्यावर आपल्याच भागातील शब्द आहेत: अनुस्वार आणि मात्रेसाठी ‘औंढा’ व ‘कंधार’, रफारासाठी ‘अर्धापूर’, ‘धर्माबाद’ आणि ‘नळदुर्ग’, ‘ल’ च्या जोडासाठी ‘किल्लारी’, उभ्या जोडाक्षरासाठी ‘सिद्धेश्वर’, आडव्या ‘र’ साठी दोन्ही प्रकारे टंकित केलेला ‘शेतकऱ्यांच्या’, आणि रुपयाच्या चिन्हासह सोयाबीनच्या भावाची एक ओळ. प्रत्येक शब्द चार वेळा येतो: साधा, ठळक, तिरपा आणि शीर्षकाच्या टॅगमध्ये. साच्यात वा फॉन्टमध्ये काहीही बदलले, की हे पान विंडोजवरील क्रोम आणि फायरफॉक्स, एक साधा अँड्रॉइड फोन आणि एक आयफोन अशा चार ठिकाणी उघडतो आणि चित्रे शेजारी ठेवून पाहतो. फेसबुकसारख्या ॲपच्या आतच उघडणाऱ्या खिडकीतही एकदा पाहतो, कारण आमचे बरेच वाचक तिथूनच येतात.

फॉन्टची फाइल बदलल्यावर मात्र एक काम आधी करावे लागते. ब्राउझर फॉन्ट दीर्घकाळ साठवून ठेवतात, त्यामुळे सर्व्हरवर नवी फाइल चढवली तरी नेहमीच्या वाचकांना कित्येक दिवस जुनीच अक्षरे दिसत राहतात आणि ‘दुरुस्त केले म्हणता, पण आमच्याकडे तसेच आहे’ असे फोन येतात. प्रत्येक बदलाबरोबर फाइलच्या नावात नवा क्रमांक घालावा, स्टाइलशीटमध्ये ते नाव बदलावे, आणि स्टाइलशीटच्याही पत्त्यात तसाच क्रमांक वाढवावा. त्यानंतरच चाचणीचे पान उघडावे.